सहीने न सुटणारा हक्क



१९ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये ते सुरू केले होते. पैसे भरल्याशिवाय वाचता न येणारे शोधनिबंध तिथे कुणालाही फुकट मिळत. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्लीत दावा लावला, आणि पावणेपाच वर्षांनी हा आदेश आला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही, याचे मला वाईट वाटते. कारण हा वाद आपला आहे. 'सायन्स' या नियतकालिकाने २०१६ मध्ये साय-हबच्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जगभरातून सुमारे २ कोटी ८० लाख निबंध उतरवून घेतले गेल्याचे दिसले. त्यात चीनखालोखाल भारताचा आकडा होता, ३४ लाख. हे ३४ लाख निबंध मागणारे लोक म्हणजे आपल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक, पीएच.डी.चे विद्यार्थी, डॉक्टर, कृषितज्ज्ञ. चोरी हा त्यांचा धंदा नव्हे. त्यांना वाचायचे होते आणि वाचायची दुसरी वाट नव्हती.

न्यायालयाने नेमके काय ठरवले हे नीट पाहायला हवे, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच सैल बोलले जाते. २४ डिसेंबर २०२० रोजी साय-हबच्या वकिलांनी न्यायालयात हमी दिली होती की, या प्रकाशकांचे नवे निबंध आम्ही चढवणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने हा प्रश्न वैज्ञानिकांच्या दृष्टीने सार्वजनिक महत्त्वाचा असल्याचे म्हटले, आणि काही भारतीय वैज्ञानिक व विज्ञान संघटना आपले म्हणणे मांडायला पुढे आल्या. भारतातला संशोधक या निबंधांवर किती अवलंबून आहे, संशोधनासाठी केलेला वापर कायद्याच्या अपवादात बसतो की नाही, यावर सांगोपांग सुनावणी होईल अशी आशा तेव्हा होती. ती झाली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये साय-हबने हमीची मुदत संपली असे मानून वीस लाखांहून अधिक निबंध एकदम चढवले. पुढे साय-नेट नावाची नवी सोय काढून नवे निबंध पुरवणे चालू ठेवले. २०२५ चा आदेश या हमीभंगावर उभा आहे. न्यायालयाला दिलेला शब्द मोडला, म्हणून दार बंद झाले. वाचण्याचा हक्क मोठा की मालकीचा, हा मूळ प्रश्न साक्षीपुराव्यानिशी तपासला गेलाच नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हा मूळ प्रश्न तपासला गेला असता तरी आपल्या हाती फार काही लागले असते असे मला वाटत नाही. न्यायालय मालकी कुणाची एवढेच विचारू शकते, आणि या व्यवहारात मालकीचा निकाल खटल्याच्या कितीतरी आधी, संशोधकाच्या सहीने लागून गेलेला असतो. म्हणून ही लढाई न्यायालयात जिंकण्यासारखी नाही. ती संसदेत जिंकावी लागेल, आणि तिची सुरुवात विद्यापीठाच्या विद्या परिषदेतून करता येईल. संशोधकाने कोणत्याही करारावर सही केली तरी स्वतःचा निबंध लोकांसाठी खुला ठेवण्याचा त्याचा हक्क शाबूत राहील, असे एक कलम आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात यायला हवे.

ही सही कशी होते ते जवळून पाहू. जळगावच्या विद्यापीठात रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी पीएच.डी. करते आहे असे धरा. प्रयोगशाळा विद्यापीठाची, म्हणजे शासनाच्या पैशाची. उपकरण एखाद्या केंद्रीय प्रकल्पातून आलेले. तिला पाठ्यवृत्ती मिळत असेल तर तीही सरकारी. मार्गदर्शकाचा पगार सरकारी. तीन-चार वर्षांच्या कामातून एक निबंध तयार होतो आणि परदेशी नियतकालिकाकडे जातो. तिथला संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे समीक्षणाला पाठवतो. हे तज्ज्ञही कुठल्यातरी विद्यापीठातले, आणि हे काम ते विनामोबदला करतात. ते दुरुस्त्या सुचवतात, ती करते, निबंध स्वीकारला जातो. मग तिच्या पडद्यावर एक अर्ज उघडतो. त्यात लिहिलेले असते की, या निबंधाचा स्वामित्वहक्क संपूर्ण मुदतीसाठी, जगातल्या सर्व देशांसाठी, सर्व माध्यमांसाठी प्रकाशकाकडे हस्तांतरित करत आहे. खाली एक चौकोन असतो, त्यावर खूण करायची आणि पुढे जायचे. मजकुरावर घासाघीस करायला समोर माणूस नसतो. निबंध छापून आला नाही तर तिची पुढची वाट अडते, मार्गदर्शकाची बढती अडते. खूण होते. त्या क्षणापासून तिचाच निबंध वाचायला तिच्या गावच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला प्रकाशकाकडे ३० ते ४० डॉलर भरावे लागतात, म्हणजे एका निबंधाचे सुमारे अडीच ते साडेतीन हजार रुपये. त्यातला एक रुपयाही तिला, तिच्या मार्गदर्शकाला किंवा विद्यापीठाला मिळत नाही.

आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा असे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे एवढी अट घालतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा, असेही कलम १९ सांगते. लेखकाला थोडा आधार मिळावा हाच त्यामागचा हेतू. पण मोठ्या प्रकाशकांचे वकील मुदत आणि प्रदेश लिहायला कधी विसरत नाहीत. मग उद्या न्यायाधीशासमोर असा करार आला तर त्याने काय करावे? कितीही सहानुभूती असली तरी सही खरी आहे आणि मालक प्रकाशक आहे, हेच त्याला म्हणावे लागेल.

इथे कुणी रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्याची आठवण काढील, आणि ती काढायलाच हवी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाठ्यक्रमातली निवडक प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला. लेखनावरचा स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त हक्क नव्हे, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून कायद्याने दिलेला तो हक्क आहे, अशी स्वच्छ भूमिका त्यांनी घेतली. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुराव्यासाठी परत पाठवले, पण अध्यापनासाठी नकला काढण्याची मुभा देणाऱ्या कलमाचा अर्थ उदारच ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. भारतीय विद्यार्थ्याच्या बाजूने लागलेल्या निकालांत याचे स्थान फार वरचे आहे. पण त्याचा आधार कोणता होता? शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी ज्या नकला करतो त्यांना कलम ५२ मध्ये स्पष्ट सूट आहे. संशोधनासाठी जी सूट आहे ती व्यक्तीच्या खासगी, वाजवी वापरापुरती. कोट्यवधी निबंध पूर्णच्या पूर्ण साठवून साऱ्या जगाला वाटणाऱ्या भांडाराला ती लागू पडते, असा युक्तिवाद करता येईल, पण तो तोकडा पडेल. मी खुल्या ज्ञानाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच आपल्या बाजूचा कच्चा दुवा आपणच ओळखावा असे मला वाटते.

अमेरिकेतला अनुभवही हेच सांगतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एल्सेव्हियरला साय-हबकडून दीड कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याआधी, २०१०-११ मध्ये, ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने एमआयटीच्या जाळ्यातून जेस्टोर या निबंधसंग्रहावरचे लाखो निबंध उतरवून घेतले, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला. कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर असताना जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने जीवन संपवले. जेस्टोरने स्वतः त्याच्याविरुद्ध दावा पुढे नेला नव्हता. चालवला तो सरकारी वकिलांनी. ज्या व्यवस्थेत एवढ्या गुणी तरुणाला निबंध वाचण्याजोगे करण्यासाठी गुन्हेगार व्हावे लागते, त्या व्यवस्थेचा कायदा तपासून पाहिला पाहिजे, हे सांगायला त्याचा मृत्यू पुरेसा होता. तरीही कायदा जिथे होता तिथेच राहिला.

आता पहिला आणि सर्वांत जड आक्षेप. कुणी म्हणेल, मालकी ती मालकी. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याचा हक्क कुणाला कसा असेल? धुळ्यात, राजवाड्यांच्या स्मृतीसाठी जमलेल्या सभेत या आक्षेपाला उत्तर देणे मला सोपे जाते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतच्या काळातली पत्रे त्यात आहेत, आणि ती वाईतल्या एका खासगी दप्तरात सापडलेली होती. पुढे अशा बावीस खंडांपर्यंत काम गेले. ही कागदपत्रे देशमुख-देशपांडे, इनामदार, सरदार, मठाधिपती यांच्या माजघरात, माळ्यावर, रुमालांत बांधून पडली होती. ती त्यांच्याच मालकीची होती, यात शंका नाही. काही घराण्यांनी ती दाखवली, काहींनी दाराबाहेर उभे केले. राजवाड्यांनी कुणाची मालकी हिसकावली नाही. विनवण्या केल्या, भांडले, नकला करून घेतल्या, आणि छापल्या. कागद घराण्याचा, पण त्यातला इतिहास महाराष्ट्राचा, हा भेद त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. माझा आग्रह या भेदापुरताच आहे. नियतकालिकाचे नाव, छापील मांडणी, बोधचिन्ह खुशाल प्रकाशकाचे असो. जनतेच्या पैशाने मिळालेला निष्कर्ष आणि तो मांडणारा लेखकाचा मजकूर जनतेला वाचता यावा.

राजवाड्यांच्या कामात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला मालकीच्या वादापेक्षाही महत्त्वाची वाटते. त्यांनी आपली अनुमाने तेवढी लोकांपुढे ठेवली नाहीत, ज्या कागदांवरून ती काढली ते कागदही मराठीत छापून सर्वांच्या हाती दिले. परिणाम असा झाला की, त्यांची कित्येक अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्याच साधनांच्या आधारे खोडून काढली. अनुमाने पडली, साधने उभी राहिली. खुलेपणाचा खरा उपयोग हाच: जे वाचता येते ते तपासता येते. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक मोठा निबंध आला आणि त्यावरून औषधाच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. करोनाच्या काळात प्रकाशकांनी अशा निबंधांवरची कुलपे स्वतःहून काढली होती. जगभरच्या वैज्ञानिकांनी तो वाचला, त्यातल्या आकडेवारीवर प्रश्न विचारले, आणि २२ मे रोजी आलेला निबंध ४ जूनला मागे घ्यावा लागला. समीक्षकांच्या नजरेतून सुटलेली चूक वाचकांनी दोन आठवड्यांत पकडली. साथ ओसरल्यावर बाकीच्या रोगांवरचे निबंध पुन्हा कुलपातच राहावेत, हे मला पटत नाही. मधुमेहाच्या किंवा सिकलसेलच्या रोग्याला चुकीच्या निबंधाचा धोका कमी असतो काय?

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सरकारने 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना आणली, मग तक्रार कशाची? केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. कालपर्यंत श्रीमंत संस्थांपुरती असलेली नियतकालिके आता जळगावच्या विद्यापीठात उघडतात, ही साधी गोष्ट नव्हे. पण पहिल्या टप्प्याची व्याख्या पाहा: केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. खानदेशात उच्च शिक्षण उभे केले ते शिक्षणसंस्थांनी. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही लोकांच्या देणग्यांतून आणि शिक्षणसंस्थांच्या कष्टांतून उभी राहिलेली महाविद्यालये. अनुदानित महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' या वर्गणी-योजनेची सोय आहे, पण तिचा आवाका या नव्या योजनेइतका नाही. शिवाय निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, वकील, पत्रकार हे कुठल्याच यादीत नाहीत. स्वतःच्या हिमतीवर काम करणारा इतिहाससंशोधकही नाही. मराठी इतिहाससंशोधनाचा मोठा भाग अशाच, कुठल्याही पदावर नसलेल्या माणसांनी केला आहे. राजवाडे आज असते तर त्यांच्याजवळ कोणत्याही संस्थेचे लॉगिन नसते.

पुढच्या टप्प्यांत खासगी संस्था आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनाही सामील करून घेण्याचा विचार सरकारने मांडला आहे. तो अमलात यावा, जळगावच्या व. वा. वाचनालयात आणि धुळ्याच्या गरुड वाचनालयात बसून कुणालाही हे निबंध वाचता यावेत, असे मला मनापासून वाटते. पण तेव्हाही एक गोष्ट बदलणार नाही. ६,००० कोटी हे भाडे आहे. तीन वर्षांनी करार संपला की किल्ली परत, किंवा वाढीव भाड्यावर नवा करार. आणि घरमालक कोण? ज्यांतल्या एल्सेव्हियरसारख्या कंपनीचा नफ्याचा दर वर्षानुवर्षे तीस टक्क्यांच्या वर राहिला आहे ते प्रकाशक. त्यांच्या घराच्या विटा बऱ्याच अंशी आपल्याच विद्यार्थ्यांनी भाजलेल्या आहेत. लेखसंख्येत भारत आज चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल तिसरा आहे. म्हणजे आपण आधी पैसे देऊन संशोधन करवतो, ते फुकट देऊन टाकतो आणि मग वाचण्यासाठी पुन्हा पैसे देतो. वर्गणीची योजना यातला शेवटचा खर्च एकत्रित आणि म्हणून थोडा स्वस्त करते. मधल्या दानाला ती हात लावत नाही.

या दानाला हात लावणारे कायदे जगात आहेत. जर्मनीने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली, ती १ जानेवारी २०१४ पासून लागू झाली. ज्या संशोधनाचा निम्मा तरी खर्च सार्वजनिक पैशातून झाला आहे, त्यावरच्या निबंधाचा समीक्षणानंतरचा स्वीकृत मसुदा प्रकाशनानंतर बारा महिन्यांनी लेखक खुला करू शकतो, व्यापारी हेतू मात्र नसावा. सगळा हक्क प्रकाशकाला लिहून दिला असला तरी हा हक्क त्याच्याजवळ राहतो, आणि याविरुद्ध केलेला करार चालत नाही. नेदरलँड्सने २०१५ मध्ये असेच कलम आणले. एल्सेव्हियरचे मुख्य ठाणे ज्या देशात, ॲमस्टरडॅममध्ये, आहे त्याच देशाने ते आणले, हे ध्यानात घ्या. फ्रान्सने २०१६ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सहा महिने आणि मानव्यविद्यांसाठी बारा महिने अशी मुदत ठरवली. यांतला कुठलाही देश बुडाला नाही, आणि तिथली नियतकालिकेही बंद पडली नाहीत.

कराराच्या स्वातंत्र्यात सरकारने असे नाक खुपसावे काय, असे विचारणाऱ्यांना मी आपल्याच कायद्यांतली दोन उदाहरणे देतो. २०१२ मध्ये संसदेने याच १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटासाठी लिहिणारा गीतकार आणि चाल बांधणारा संगीतकार यांनी निर्मात्याला सगळे हक्क लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गीताचा जो वापर होईल त्याच्या मानधनातला समान वाटा त्यांच्याकडेच राहील, आणि तो सोडून देणारा करार रद्दबातल ठरेल. निर्मात्यासमोर गीतकार दुबळा असतो, त्याची सही ही खरी संमती नसते, हे संसदेने मान्य केले. मोठ्या प्रकाशकाच्या अर्जासमोर बसलेली आपली विद्यार्थिनी त्या गीतकाराहून बलवान आहे काय? आणि ती तर पैसाही मागत नाही.

दुसरे उदाहरण शेतीतले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. एखाद्या कंपनीने वाणाची नोंदणी केली, तिची मालकी सिद्ध असली, तरी शेतकऱ्याला ते बियाणे राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा हक्क कलम ३९ देते. फक्त ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. हक्क किती आणि मर्यादा कुठे, हे इतके नेमकेपणाने त्यात आखले आहे की शोधनिबंधाच्या कायद्याला त्याचा नमुना घेता यावा. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात निघालेले भुईमुगाचे जेएल-२४ म्हणजे 'फुले प्रगती' हे वाण आपल्याला माहीत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते आले, देशभर पेरले गेले आणि पुढे आफ्रिकेत मलावी, झांबियापर्यंत पोचले. सार्वजनिक पैशाच्या संशोधनाला वाट मोकळी मिळाली की ते किती दूर जाते, याचा पुरावा शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर हरण्या रोग पडतो, तेव्हा त्या विषाणूवर जगात काय काम झाले आहे हे कृषी पदवीधराला त्याच आठवड्यात वाचायला मिळायला हवे. रोग एकदा बागेत शिरला की झाडे उपटण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरा आक्षेप संपादनाचा. नियतकालिक चालवायला खर्च येतो, हे खरे आहे. समीक्षण फुकट असले तरी ते करवून घेणे, मजकूर शुद्ध करणे, निबंध कायमचा जतन करणे यांना माणसे लागतात. जर्मन पद्धतीच्या कायद्यात म्हणूनच बारा महिने ठेवले आहेत, आणि खुला होतो तो लेखकाचा मसुदा, प्रकाशकाने सजवलेली प्रत नव्हे. मला जास्त काळजी मोठ्या प्रकाशकांची नाही, लहानांची आहे. इथले राजवाडे संशोधन मंडळ 'संशोधक' हे त्रैमासिक चालवते. अशा नियतकालिकांना वर्गणीदाराचा आधार मोलाचा असतो, आणि सगळे फुकट मिळू लागले तर तो सुटेल ही भीती पोकळ नाही. त्यांच्यासाठी कायद्यात मुदत अधिक ठेवावी, दोन वर्षांची ठेवली तरी माझी हरकत नाही. आणि शासनाने त्यांना थेट अनुदान द्यावे. परदेशी कंपन्यांना द्यायला ६,००० कोटी निघतात, तर मराठीतल्या जुन्या संशोधनपत्रिकांचे अंक जतन करायला आणि नवे काढायला त्याचा अगदी छोटा हिस्सा निघू शकतो. पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश आज महाजालावर कुणालाही मोफत वाचता येतो. शासनाच्या पैशाने तयार झालेले ज्ञान लोकांपुढे ठेवल्याने विश्वकोशाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट त्याचे वाचक वाढले.

खुल्या प्रकाशनाचे नाव घेतले की लेखकाकडूनच शुल्क घेणाऱ्या नियतकालिकांची आठवण होते, आणि ती कटू आहे. 'नेचर'ने २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरोंपर्यंत शुल्क लावले. दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिके निघाली, आणि बढतीच्या गुणांसाठी आपल्याकडे त्यांचा सुळसुळाट झाला. हे दोन्ही मार्ग मला अमान्य आहेत. एकात वाचकाचे कुलूप काढून लेखकाच्या दाराला लावले आहे, दुसऱ्यात संशोधनच उरलेले नाही. म्हणूनच मी शुल्काची वाट सोडून मसुदा जमा करण्याची वाट सांगतो. निबंध उत्तम नियतकालिकातच जावा, तिथल्या समीक्षणाची धार त्याला लागावी, आणि स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या संगणकीय भांडारात राहावा. परदेशी प्रकाशक यामुळे भारतीय निबंध नाकारतील, ही भीती मला खरी वाटत नाही. जगातला तिसऱ्या क्रमांकाचा लेखकवर्ग आणि सहा हजार कोटींचा ग्राहक कुणी सहज दुखवत नाही.

मसुदा जमा करणे सक्तीचे केले तर होते, ऐच्छिक ठेवले तर होत नाही, याचा अनुभव आपल्याजवळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय रूपात जमा करणे बंधनकारक केले. त्यातून 'शोधगंगा' उभी राहिली. आज लाखो प्रबंध तिथे कुणीही वाचू शकतो, जळगावच्या विद्यापीठाचेही. त्यासाठी कुणाचे हक्क विकत घ्यावे लागले नाहीत, कुणी न्यायालयात गेले नाही. प्रबंध जमा झालाच पाहिजे, एवढा नियम पुरला. याउलट डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी खुल्या उपलब्धतेचे धोरण जाहीर केले. आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा संस्थेच्या भांडारात ठेवा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पण त्याची कडक अंमलबजावणी झाली नाही, आणि बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही.

तेव्हा संसदेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पैसा देणारी संस्थाही हे करू शकते: जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या पैशावरच्या प्रत्येक निबंधाचा स्वीकृत मसुदा प्रकाशनाच्या दिवसापासूनच खुला असला पाहिजे असा नियम केला. आपल्या विद्यापीठालाही विद्या परिषदेत असा ठराव करता येईल की, बढतीच्या अर्जात ज्या निबंधांचा उल्लेख असेल त्यांचा स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या भांडारात जमा असला पाहिजे. अनेक मोठे प्रकाशक ठरावीक महिन्यांनंतर हे करू देतात, पण कुणाची मुदत किती आणि कोणती आवृत्ती चालते, हे प्राध्यापकांना ठाऊक नसते. ही माहिती काढून देणारा एक ग्रंथपाल नेमावा लागेल. आणि एक काम प्रत्येक लेखकाने उद्यापासून करण्यासारखे आहे. समीक्षकांनी सुचवलेल्या सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर, पण प्रकाशकाने पान लावण्याआधी, जी फाइल आपण शेवटची पाठवतो तीच कायदेशीरपणे खुली करता येते. छापून आलेली पीडीएफ चालत नाही. संगणक बदलला, विद्यार्थी पदवी घेऊन गेला, की ही फाइल नाहीशी होते आणि मुदत संपली तरी जमा करायला हाती काही राहत नाही. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले त्याच दिवशी ती ग्रंथालयाकडे पाठवावी. मुदत संपेपर्यंत ती बंद ठेवण्याची जबाबदारी ग्रंथालयाची.